भाग ३१ : फिकट पट्ट्यांचा मासा आणि ताईचा बायोडेटा

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं... म्हणजे..." काढलेत. ते बरेच होते.

आजचा विषय झेब्राफिश. पण सुरुवात आमच्या घरातून करतो.

मागच्या वर्षी ताईसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. पहिलं काम म्हणजे बायोडेटा. शिक्षण, नोकरी, उंची सगळं पटापट भरलं आणि गाडी अडली 'रंग' या ओळीवर. आई म्हणाली गव्हाळ लिही. बाबा म्हणाले निमगोरा लिही, काय बिघडतं. आत्या फोनवर म्हणाली, भावाचा रंग बहिणीला मिळायला हवा होता. हे वाक्य आम्ही दोघं लहानपणापासून ऐकतोय. मी उजळ, ताई सावळी. आई-बाप तेच, घर तेच, तूरडाळही तीच.

फोटोचं काम माझ्याकडे आलं, कारण मी 'कम्प्युटरवाला'. मी ॲपमध्ये फोटो उघडला, स्किन टोनचा स्लायडर थोडा उजवीकडे सरकवला, मग अजून थोडा. फॅमिली ग्रुपवर टाकला. आईने बदाम पाठवला. ताईने दोनच शब्द लिहिले, "ही कोण?"

त्यावर मी काही उत्तर दिलं नाही. देता येण्यासारखं नव्हतंच.

आता मासे. माझ्याकडे दोन फुटी टँक आहे. त्यात सहा झेब्रा डॅनिओ आहेत, प्रत्येक माशाच्या दुकानात मिळतात ते. लांबी तीन-चार सेंटीमीटर, अंगावर निळसर काळे आडवे पट्टे, दिवसभर इकडून तिकडे पळापळ. सहापैकी एक मासा फिकट आहे. पट्टे आहेत, पण पेन्सिलने काढून खोडरबर फिरवल्यासारखे. दुकानदार त्याला 'गोल्डन' म्हणाला आणि दहा रुपये जास्त घेतले. म्हणजे माशातसुद्धा गोऱ्याचा भाव जास्त. हे तेव्हा लक्षात आलं नाही, 'ही कोण?' नंतर आलं. त्या रात्री झोप येईना म्हणून मी गोल्डन झेब्राफिशबद्दल शोधायला लागलो, आणि पहाटे तीनपर्यंत वाचत बसलो.

झालं असं होतं. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात युजीन नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर नावाचे शास्त्रज्ञ होते. जन्म १९२७चा, बुडापेस्टचा. नाझींपासून वाचायला कुटुंब अमेरिकेत आलं. सुरुवातीची त्यांची सगळी कारकीर्द बॅक्टेरियाला लागणाऱ्या व्हायरसवर. पुढे त्यांना वाटायला लागलं की कणा असलेल्या प्राण्याचा मेंदू कसा घडतो ते जनुकांच्या भाषेत समजून घ्यावं. माशी वापरावी तर तिला कणा नाही. उंदीर वापरावा तर गर्भ आईच्या पोटात, आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि हजारो उंदीर पाळायचे म्हणजे खर्चही तसाच.

स्ट्रायसिंगरना मासे पाळायचा नाद होता. त्यांनी साठच्या दशकाच्या शेवटी झेब्राफिश निवडला. मादी आठवड्याला दोनशेच्या आसपास अंडी देऊ शकते, तीही बाहेर पाण्यात. अंडं काचेसारखं पारदर्शक. अठ्ठावीस डिग्रीच्या पाण्यात चोवीस तासांत डोकं, डोळे, शेपटी दिसायला लागतात आणि हृदय धडधडायला लागतं. तीन महिन्यांत पिल्लू स्वतः अंडी द्यायच्या वयाचं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर बिल्ड टाइम चोवीस तास आणि सगळे लॉग्ज डोळ्यांसमोर. असं प्रॉडक्शन एन्व्हायर्नमेंट मला आजवर मिळालेलं नाही.

१९८१ साली त्यांचा 'नेचर'मध्ये पेपर आला, पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचे क्लोन बनवल्याचा. डॉली मेंढीच्या पंधरा वर्षं आधी, अर्थात पद्धत अगदी वेगळी. त्यांनी नराचे शुक्राणू अल्ट्राव्हायोलेट किरणांखाली धरले. त्याने आतला डीएनए निकामी होतो, पण शुक्राणू अंड्याला 'सुरू हो' एवढा सिग्नल देऊ शकतो. मग अंड्यातला आईचा एकच संच दुप्पट करायचा, की पिल्लू संपूर्ण आईचं. पण बापाचा डीएनए खरंच गेलाय, चुकून थोडा शिरलेला नाही, हे ओळखायचं कसं? सिक्वेन्सिंग मशीनचा जमाना नव्हता.

इथे गोल्डन मासा येतो. गोल्डनपणा तेव्हाच दिसतो, जेव्हा आई आणि बाप दोघांकडून जनुकाची बिघडलेली प्रत येते. एक जरी चांगली प्रत आली तरी पट्टे गडद. म्हणून स्ट्रायसिंगरनी आई गोल्डन घेतली आणि शुक्राणू गडद पट्टेवाल्या नराचे. बापाचं काही शिरलं असेल तर पिल्लू गडद होणार. सगळी पिल्लं फिकट निघाली, तर बाप बाद. फक्त डोळ्यांनी बघून तपासणी! टेस्ट केस कशी लिहावी याचं याहून चांगलं उदाहरण मी तरी पाहिलेलं नाही.

१९८४ साली समुद्रात स्कुबा डायव्हिंग करताना स्ट्रायसिंगर गेले. मासा तिथेच थांबला असता. पण युजीनमधल्या सहकाऱ्यांनी काम धरून ठेवलं, मासे आणि ते पाळायच्या कृती मागेल त्याला दिल्या. जर्मनीत ट्युबिंगेनमध्ये क्रिस्टियान न्युस्लाइन-फोलहार्ड यांनी हाच मासा घेतला. त्यांना माशीवरच्या कामासाठी १९९५चं नोबेल मिळालंय. पाण्यात रसायन घालून माशांच्या डीएनएमध्ये मुद्दाम चुका घडवायच्या आणि पुढच्या पिढ्यांत काय मोडतं ते बघायचं, असं त्यांच्या आणि बॉस्टनच्या गटाने प्रचंड प्रमाणावर केलं. डिसेंबर १९९६मध्ये एका नियतकालिकाचा अख्खा अंक, ३७ पेपर, याच कामाने भरला. मोडलेल्या माशांना नावंही भारी दिलीत. एकाच्या हृदयाचा वरचा कप्पा दोनदा धडकतो तेव्हा खालचा एकदा, म्हणून त्याचं नाव 'ब्रेकडान्स'. ज्या जनुकामुळे हे होतं, त्याच जनुकातल्या बिघाडाने माणसातही हृदयाचे ठोके चुकून अचानक चक्कर येऊ शकते. २०१३मध्ये या माशाचा पूर्ण जीनोम छापून आला तेव्हा कळलं की माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचा जोडीदार या माशात सापडतो.

गोल्डन मात्र इतकी वर्षं नुसता खूण म्हणून वापरात होता. त्याचं नेमकं काय बिघडलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. पेनसिल्व्हेनियातले कीथ चेंग हे कॅन्सरवर काम करणारे डॉक्टर. त्यांनाही गोल्डन हवा होता तो खूण म्हणूनच, माशाच्या डोळ्याच्या रंगात डाग पडले तर पेशींमध्ये जनुकं हरवताहेत हे कळतं म्हणून. पण मग ते त्या जनुकाच्या मागेच लागले आणि कित्येक वर्षं लागले. २००५ साली त्यांच्या गटाचा पेपर 'सायन्स'मध्ये आला.

जनुकाचं नाव एसएलसी२४ए५. नाव वायफायच्या पासवर्डसारखं आहे, मान्य. पेशीत रंग बनवणाऱ्या ज्या बारीक पिशव्या असतात, त्यांना लागणाऱ्या कॅल्शियमच्या ने-आणीशी त्याचा संबंध आहे. गोल्डन माशात या जनुकातलं फक्त एक अक्षर बदललंय, सीच्या जागी ए. आणि ते अशा ठिकाणी की प्रोटीन अर्ध्यातच थांबतं. फंक्शनच्या मधोमध कुणीतरी रिटर्न लिहून ठेवल्यासारखं. मग रंगाच्या पिशव्या कमी, लहान आणि फिकट होतात.

पुढचं वाचताना मी उठून बसलो. चेंग यांच्या गटाने माणसातलं हेच जनुक घेतलं, त्याचा आरएनए बनवला आणि गोल्डन माशाच्या ताज्या अंड्यात टोचला. पिल्लांमध्ये गडद रंग परत आला. माणसाचा कोड माशात चालला!

मग त्यांनी माणसांच्या जनुकांचा जो सार्वजनिक डेटाबेस तेव्हा नुकताच खुला झाला होता, त्यात बघितलं. माणसातही या जनुकात एका जागी दोन प्रकार दिसतात, जी किंवा ए. माशासारखं प्रोटीन तुटत नाही, त्यातला एकच मणी बदलतो. युरोपात जवळपास सगळ्यांकडे ए. आफ्रिकेत आणि पूर्व आशियात बहुतेकांकडे जुना जी. युरोपीय आणि आफ्रिकी लोकांच्या त्वचेच्या रंगातल्या फरकापैकी २५ ते ३८ टक्के वाटा या एका जागेचा असू शकतो, असा त्यांचा हिशोब निघाला.

इथे एक मिनिट थांबा, कारण याचा व्हॉट्सॲप फॉरवर्ड व्हायला वेळ लागणार नाही. हे 'गोरेपणाचं जनुक' नाही. रंग ठरवणारी जनुकं बरीच आहेत. चीन-जपानमधली माणसं उजळ असतात, पण त्यांच्याकडे हा बदल जवळपास नाही, त्यांचं उजळपण दुसऱ्या रस्त्याने आलंय. आणि ऊन आहेच.

पण आपल्याकडचं काय? २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर भारतभरच्या समाजगटांमध्ये हेच अक्षर तपासलं. इथेही ते रंगावर परिणाम करतं. आपल्याकडचा ए आणि युरोपातला ए एकाच मूळ बदलातून आलेत. आणि भारतात ए आणि जी दोन्ही आहेत, काही समाजांत ए भरपूर, काहींत नावापुरता.

म्हणजे समजा आई आणि बाबा दोघांकडेही एक ए आणि एक जी आहे. मग प्रत्येक मुलाच्या वेळी दोन नाणी उडतात. एका मुलाला ए-ए, दुसऱ्याला जी-जी, सहज शक्य आहे. आमच्या घरी नेमकं हेच झालं असं मी म्हणत नाही, आम्ही कुणी टेस्ट केलेली नाही. पण आत्याच्या 'मिळायला हवा होता'चं गणित हे एवढंच आहे. ते वाक्य ताईने तीस वर्षं ऐकलं. मीही ऐकलं, आणि मला ते कौतुक वाटायचं. ही गोष्ट मी माइकसमोर पहिल्यांदाच बोलतोय.

दुसऱ्या दिवशी मी मूळ फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की आधीचा मी बिघडवला होता. रंगाची ओळ मात्र सहजासहजी गेली नाही. आई "निदान गव्हाळ तरी राहू दे" म्हणून आठवडाभर धरून बसली होती. शेवटी ताईने स्वतः फाइल उघडून ती ओळ डिलीट केली. त्यानंतर दोन ठिकाणांहून फोनवर विचारणा आली, "रंग लिहिलेला नाही?" बाबांनी दुसऱ्यांदा फोन नुसता ठेवून दिला. आमच्या बाबांच्या मानाने हे फार झालं.

जाता जाता एक. हा मासा अमेरिकन वाटत असेल तर तसं नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला आहे तो, भातशेतीच्या पाण्यात, संथ ओढ्यांत राहणारा. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात त्याची पहिली नोंद केली. २००९मध्ये दिल्लीच्या आयजीआयबीने आसाममधल्या रानटी झेब्राफिशचा जीनोम वाचला. मुंबईत टीआयएफआरमध्ये आणि इथे पुण्यात आघारकर संस्थेतही यावर काम चालतं. माझ्या घरापासून पाऊण तासावर, आणि मला पत्ता नव्हता.

तर, मागच्या महिन्यात मी घरीच एक उद्योग केला. वेगळ्या छोट्या टँकमध्ये तळाला काचेच्या गोट्या पसरल्या, कारण हे मासे स्वतःची अंडी खातात. गोट्यांच्या फटीत अंडी पडली की वाचतात. संध्याकाळी माझा फिकट नर आणि एक पट्टेवाली मादी त्यात सोडली. सकाळी लाइट लावला आणि अर्ध्या तासात गोट्यांखाली अंडी, साबुदाण्याहून कितीतरी बारीक. मासे काढून घेतले. दुसऱ्या दिवशी फोनला चारशे रुपयांची क्लिप लेन्स लावून बघितलं, तर अंड्यात शेपटी हलत होती. त्यानंतर थोड्या वेळाने हृदयही दिसलं. आईला दाखवलं. ती देवघरातून तशीच उठून आली होती, हातात वात घेऊन, आणि बराच वेळ काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. पिल्लं बाहेर आली होती, पापणीच्या केसाएवढी. ताईला बोलावलं. तिला आधीच सांगून ठेवलं होतं, बाप फिकट आहे, आई पट्टेवाली, बघू काय होतं ते. तिने लेन्समधून एकेक पिल्लू नीट बघितलं. प्रत्येकाच्या पाठीवर काळ्या ठिपक्यांची ठसठशीत रांग. एकही फिकट नाही.

ताई फोनवरून डोळा न काढता म्हणाली, "सगळी माझ्यावर गेलीत."

चला, भेटू पुढच्या भागात.