मैदानात एक, कोर्टात दुसरे
(नईम येथील मराठी मित्रांच्या बैठकीतील भाषण)



मी प्रयोगशाळेत काम करतो. तिथे प्रत्येक नोंदीवर तारीख घालावी लागते आणि जुनी नोंद खोडता येत नाही. अयोध्येच्या मंदिराबद्दल आपले नेते वेळोवेळी काय बोलले, ते आज तसेच तारखेवार पाहू.

सप्टेंबर 1990 मध्ये लालकृष्ण अडवाणी सोमनाथहून रथ घेऊन निघाले. 6 डिसेंबर 1992 रोजी मशीद पाडली गेल्यावर तो आपल्या आयुष्यातील अत्यंत दुःखाचा दिवस होता, असे त्यांनी म्हटले. बाळासाहेब ठाकरे म्हणाले, हे शिवसैनिकांनी केले असेल तर मला अभिमान आहे. पंतप्रधान नरसिंह राव यांनी मशीद पुन्हा बांधण्याचे आश्वासन दिले. ते पुढे विरून गेले.

काँग्रेसचे धोरण तरी कुठे एक होते? 1989 मध्ये शिलान्यास झाला तेव्हा केंद्रात राजीव गांधींचे सरकार होते. 2020 मध्ये कमलनाथ यांनी चांदीच्या 11 विटा पाठवल्याचे जाहीर केले. जानेवारी 2024 मध्ये पक्षाने प्राणप्रतिष्ठेचे निमंत्रण नाकारले.

नोव्हेंबर 2018 मध्ये उद्धव ठाकरे यांची घोषणा होती, 'पहले मंदिर, फिर सरकार'. वर्षभरात ते काँग्रेसबरोबर सरकारात बसले आणि जुलै 2020 मध्ये त्यांनी करोनामुळे ई-भूमिपूजन सुचवले. डिसेंबर 2024 मध्ये त्यांच्याच पक्षाच्या नेत्याने बाबरी पाडल्याचा गौरव केला, म्हणून समाजवादी पक्ष राज्यातल्या आघाडीतून बाहेर पडला.

मत बदलणे हा गुन्हा नव्हे. नवा पुरावा मिळाला की आम्हीही बदलतो, पण कारण लिहून ठेवतो. इथे पुरावा तोच होता, बदलला तो श्रोता. मशीद पाडणे हा कायद्याचा घोर भंग होता, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या निकालात नोंदवले. 2020 मध्ये विशेष न्यायालयाने सर्व 32 आरोपींना निर्दोष सोडले. म्हणजे मैदानात श्रेय घ्यायला सगळे, आणि कोर्टात करणारा कोणीच नाही!

या शब्दांची किंमत मुंबईने मोजली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 च्या दंगलींत 900 माणसे मेली: 575 मुस्लिम, 275 हिंदू, उरलेली इतर किंवा ओळख न पटलेली. हा आयोगच युती सरकारने जानेवारी 1996 मध्ये गुंडाळला होता. काही महिन्यांनी त्याला पुन्हा जीवदान मिळाले.

आपण इथे अल्पसंख्य आहोत. मनामातले श्रीनाथजींचे मंदिर सुमारे 200 वर्षे उभे आहे, आणि त्याला धक्का लागणार नाही या भरवशावर आपण तिथे जातो. असा भरवसा आपल्या गावातल्या अल्पसंख्याकाला मिळतो का, हे सुट्टीवर गेल्यावर जरूर विचारा. आणि एखादे भाषण पुढे पाठवण्याआधी त्याच नेत्याचे त्याआधीचे भाषण, तारखेसह, शोधून वाचा.