डिफ लॉक घ्यायचा का? आधी ट्रॅक्टरवाल्या काकांना विचारा

आजचा भाग खास गाडीवेड्यांसाठी. पावसाळा जवळ आला की एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत यायला लागतो: "भाई, गाडी फोर बाय फोर आहे, तरी अडकते. लॉकर टाकू का? आणि टाकायचा तर कोणता?" खर्च मोठा आहे, आणि चुकीचा लॉकर चुकीच्या जागी घातला तर घाटात गाडी घसरायचीही शक्यता आहे. म्हणून आज घाई करायची नाही, मुळापासून समजून घेऊ.

पहिला प्रश्न. डिफरन्शियल गाडीत असतोच कशाला?

वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. किती जास्त? समजा दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर आहे. गाडीने एक पूर्ण गोल चक्कर मारली, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त चालतं. गंमत म्हणजे चक्कर लहान असो की मोठी, हा फरक तेवढाच राहतो. दोन गुणिले पाय गुणिले दीड. साधा यू टर्न घेतला तरी ४.७ मीटर. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती, तर हा फरक टायर रस्त्यावर घासूनच भरून निघाला असता. डिफरन्शियल चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. एवढंच त्याचं काम, आणि ते तो फार सुंदर करतो.

पण त्याची एक सवय आहे. साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना टॉर्क नेहमी सारखाच देतो. तराजूसारखा समजा. एका पारड्यात जेवढं, तेवढंच दुसऱ्यात. आता एक चाक चिखलात गेलं किंवा हवेत उचललं गेलं. त्या चाकाला फिरायला जोरच लागत नाही, म्हणजे त्याचा टॉर्क जवळजवळ शून्य. मग कोरड्या दगडावर बसलेल्या दुसऱ्या चाकालाही जवळजवळ शून्यच. एक चाक भिंगरीसारखं फिरतंय, दुसरं ढिम्म. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, हा बग नाही, फीचर आहे. फक्त चुकीच्या जागी सापडलंय.

आणि इथेच "फोर बाय फोर असून अडकली कशी" याचं उत्तर आहे. खाचखळग्यात गाडी तिरकी बसते. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी अधांतरी. ट्रान्सफर केसने पुढच्या-मागच्या एक्सलपर्यंत ताकद पोचवली, पण दोन्ही एक्सलवर एकेक चाक मोकळं. ताकद गेली वाऱ्यावर.

आता शीर्षकातल्या ट्रॅक्टरवाल्या काकांकडे येऊ. डिफ लॉक ही काही परदेशी रॅलीतून आलेली चैन नाही. आपल्या गावागावात शेतकरी तो रोज वापरतात. ट्रॅक्टरवर उजव्या टाचेजवळ बहुधा एक छोटं पेडल असतं. नांगरताना एक चाक गरगर फिरायला लागलं की काका क्लच दाबून चाकं थांबवतात, टाचेने ते पेडल दाबतात, आणि दोन्ही चाकं एकत्र फिरायला लागतात. बांधापाशी वळायची वेळ आली की पाय उचललाच. लॉक लावून वळायचं नाही, हे त्यांना कुठल्याही यूट्यूबरने शिकवलेलं नाही.

काकांकडे दुसरी युक्तीही असते. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. जे चाक फिरतंय, त्याचा ब्रेक थोडा दाबला की त्याला प्रतिकार मिळतो. तराजूच्या रिकाम्या पारड्यात वजन पडलं! मग तेवढाच टॉर्क दुसऱ्या चाकालाही जातो. आजच्या गाड्यांमध्ये ब्रेक एलएसडी किंवा ब्रेक लॉकिंग नावाने जे मिळतं, ते हेच काम. फक्त काकांच्या पायाच्या जागी एबीएसचा सेन्सर आणि सॉफ्टवेअर आलं. जिम्नीत ही व्यवस्था आहे. तुमची गाडी जिम्नी असेल, तर लॉकरच्या आधी ही व्यवस्था नीट वापरून बघा. चाक फिरायला लागलं की घाबरून पाय काढू नका. रेस हलकी पण स्थिर धरा, ब्रेकला पकडायला क्षणभर द्या. मर्यादा एवढीच की ती आधी चाक घसरू देते, मग सावरते. शिवाय ब्रेक तापतात. लांब चढावर सतत तिच्या भरवशावर राहता येत नाही.

आता खरे प्रकार बघू.

एक, लिमिटेड स्लिप. आत क्लचच्या चकत्या असतात किंवा खास गिअर. ओल्या रस्त्यावर, मुरुमावर, हलक्या चिखलात छान. रोजच्या चालवण्यात जाणवतही नाही. पण चाक पूर्ण हवेत गेलं की गिअरवाला प्रकार हतबल होतो, कारण तो कमी पकडीच्या चाकावरचा टॉर्क काही पटीने वाढवून दुसऱ्याला देतो. शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. क्लचवाल्याच्या चकत्या काळाबरोबर झिजतात, आणि त्याला तेलही ठरावीकच लागतं.

दोन, ऑटोमॅटिक लॉकर. डेट्रॉइट लॉकर हे यातलं जुनं नाव. हा बहुतेक वेळ लॉकच असतो, वळणावर बाहेरचं चाक पुढे पळायला लागलं की तेवढ्यापुरता सुटतो. याच जातीचा स्वस्त भाऊ म्हणजे लंचबॉक्स लॉकर. डिफरन्शियलच्या घरातले छोटे गिअर काढून त्यांच्या जागी तो बसतो, म्हणून मजुरी कमी. बटण नाही, वायर नाही. पण तो तुमचं ऐकतही नाही. वळणावर खटखट आवाज करेल, आणि ओल्या घाटात रेस देताना अचानक लॉक झाला तर मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो. ज्या गाडीने रोज ऑफिसला जायचं, ज्यात आई-बाबा बसणार, त्यात मी हा सुचवणार नाही.

तीन, आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉक. थारच्या काही व्हेरियंटमध्ये मागे ईटनचा असा लॉक आलेला आहे. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि लॉक लागतो. ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग गेला की तो लागतच नाही, ही सुरक्षेची सोय. इथेही तीच चूक लोक करतात. चाक फिरलं की पाय काढतात, आणि मग "लॉक चालत नाही" म्हणतात. अरे, त्याला लागायला तो फरक पडू तर द्या! रेस स्थिर ठेवा, खट् आवाज येईल, गाडी पुढे सरकेल. मात्र उगाच जोरात रेस देऊ नका, नाहीतर झटका एक्सलला बसेल.

चार, हवा तेव्हा लावायचा लॉक. बटणाने किंवा लिव्हरने. गुरखामध्ये पुढे आणि मागे असे दोन्ही कंपनीकडूनच येतात. थार रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये मागे इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. बाहेरून बसवायचा तर ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा हवेच्या दाबावर चालणारा एअर लॉकर प्रसिद्ध आहे. सोडला की साधा डिफरन्शियल, लावला की दोन्ही चाकं एक. सगळ्यात उत्तम आणि सगळ्यात महाग. कॉम्प्रेसर, नळ्या, वायरिंग, आणि क्राउन-पिनियनचा बॅकलॅश अचूक बसवणारा मेकॅनिक, हे सगळं त्यात आलं. बॅकलॅश चुकला तर गाडी गुणगुणायला लागते आणि दात खाऊन टाकते.

आता एक हिशोब, जो दुकानात फारसा कुणी सांगत नाही. समजा गाडी १८०० किलोची, त्यातलं ९०० किलो मागच्या एक्सलवर. दोन्ही चाकं जमिनीवर असताना प्रत्येकावर ४५० किलो. घर्षणाचा गुणांक ०.५ आणि टायरची त्रिज्या ३७ सेंटिमीटर धरली, तर चाक घसरायच्या आधी एका एक्सल शाफ्टवर जास्तीत जास्त ८१६ न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क येतो. आता एक चाक हवेत, लॉक लावलेला. सगळे ९०० किलो एकाच चाकावर, सगळा टॉर्क एकाच शाफ्टमधून. म्हणजे १६३० च्या आसपास. दुप्पट! लॉकर ताकद निर्माण करत नाही, तो ती एका बाजूला पाठवतो. त्यात तुम्ही मोठे टायर घातले असतील तर त्रिज्येसोबत हा आकडा अजून वाढतो. म्हणून लॉकर ठरवताना शाफ्टचाही विचार करा. पुढच्या एक्सलवर तर जास्तच, कारण तिथे स्टिअरिंग वळवलेलं असताना सीव्ही जॉइंट आधीच कोनात असतो.

मग निवडायचं कसं? स्वतःला चार प्रश्न विचारा.

गाडी कुठे चालते? पाणंद रस्ता, काळ्या मातीचा चिखल असेल तर आधी टायर बघा. काळी माती टायरच्या खाचा लिंपून टाकते. चारही चाकं गुळगुळीत झाल्यावर लॉकर चारही चाकं एकत्र घसरवेल, बस. दगडधोंडे, खोल चर, चाक उचलणारी वाट असेल तर लॉकरचा खरा उपयोग.

गाडीत आधीच काय आहे? विकत घेण्याआधी व्हेरियंटची यादी नीट वाचा. पुढे वेगळा लॉक बसवण्यापेक्षा लॉक असलेलं व्हेरियंट घेणं बऱ्याचदा सोपं, आणि वॉरंटीची कटकट नाही. बाहेरून बसवणार असाल तर वॉरंटी आणि विम्याचं उत्तर आधी लेखी घ्या. तोंडी "काही होत नाही साहेब" याला अर्थ नाही.

पुढे की मागे? एकच घ्यायचा तर मागे. चढावर वजन मागे सरकतं, तिथेच पकड असते. पुढचा लॉक लावला की स्टिअरिंग जड होतं, गाडी वळायलाच तयार होत नाही.

आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा. चालवणार कोण? लॉक सरळ, संथ, अवघड तुकड्यापुरता लावायचा आणि लगेच काढायचा. डांबरी रस्त्यावर कधीच नाही. आडव्या उतारावर, ओल्या गवतात तर फार जपून. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरलं तरी दुसरं जमीन धरून असतं आणि गाडीला बाजूला घसरू देत नाही. लॉकमध्ये दोन्ही एकदम फिरली, की गाडी हळूच दरीकडे सरकते. माझ्या मते लॉकर घेण्याआधी कळायला हवी अशी गोष्ट एकच निवडायची तर ती हीच.

पैसे मर्यादित असतील तर माझा क्रम असा: आधी टायरमधली हवा कमी करायला शिका, सोबत हवा भरायचा पंप ठेवा. मग चांगले टायर. मग ओढायचा पट्टा, शॅकल आणि सोबत दुसरी गाडी. त्यानंतर मागचा लॉक. पुढचा सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकांना तो लागणारही नाही.

जाता जाता कोकणातल्या मंडळींसाठी. लॉक आहे म्हणून गाडी किनाऱ्यावर उतरवू नका. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वाळूखालचं घरटं टायरला दिसत नाही. भरती आली की लॉकरही काही करू शकत नाही.

तर तुमची गाडी कोणती, वाट कोणती, आणि डिफरन्शियल कुठला, हे व्हॉइस नोटमध्ये नक्की सांगा. पुढच्या भागात टायरमधल्या हवेवर बोलू: किती काढायची, कुठे काढायची, आणि परत कधी भरायची. तोवर सांभाळून चालवा, आणि गावी गेलात तर ट्रॅक्टरवर काकांच्या शेजारी दहा मिनिटं उभं राहून टाचेजवळचं ते पेडल कधी दाबतात, कधी सोडतात ते बघा. भेटू!