साखरेची कलाकुसर : एक छंद आणि एक गृहोद्योग

पौष महिना लागला कीं पुण्याच्या मंडईचें रूप पालटतें. गाजरें, ऊस, बोरें, हरभऱ्याचे घाटे आणि मातीचीं सुगडें यांचे ढीग लागतात; आणि मंडईकडून तुळशीबागेकडे वळतांना मध्येंच एखाद्या दुकानांत काळ्या कापडावर मांडलेले शुभ्र दागिने नजरेस पडतात. तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ. शिवाय बोरनहाणाच्या बाळासाठीं मुकुट आणि बांसरी! जवळ जाऊन पाहावें, तों हे मोती नव्हेत. साखरेच्या पाकांतून फुललेला तो हलवा आहे.

श्रोतेहो, आज माझा विषय घरच्या घरीं केक सजविण्याचा छंद आणि त्यांतून होणारा लहानसा उद्योग हा आहे. मग हलव्यापासून सुरुवात कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर इतकेंच कीं, साखरेवर नक्षी उठविण्याची विद्या आपल्या घरांत केकबरोबर आली नाहीं. ती आधींपासून शेगडीजवळ बसलेली होती.

हलवा करणें हें मोठ्या धीराचें काम आहे. साखरेचा पाक करावयाचा, त्यांत चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढून टाकावयाची आणि तो गाळून घ्यावयाचा. परातींत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन ती अगदीं मंद आंचेवर ठेवावयाची. मग एक चमचा पाक घालावा आणि तो दाण्यांवर सुकेपर्यंत बोटांनीं हळूहळू फिरवीत राहावें. सुकला कीं पुन्हा एक चमचा. पाक एकदम अधिक पडला, तर दाणे एकमेकांस चिकटतात. आंच वाढली, तर साखर पिवळी पडते. असें कांहीं दिवस चाललें म्हणजे तिळाच्या अंगावर कांटा उभा राहतो. थंडीच्या कोरड्या हवेंत हा कांटा चांगला येतो. हवेंत दमटपणा असला, कीं साखर पाणी धरते आणि सारी मेहनत वायां जाते.

हें कौशल्य केवळ आपलेंच आहे असें मात्र नव्हे. युरोपांत बडीशेप, बदाम इत्यादींवर याच रीतीनें साखरेचीं पुटें चढवीत असत. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं ही मिठाई जपानांत नेली. तेथें ती ‘कोनपेइतो’ या नांवानें आजही मिळते आणि तिच्या अंगावरही आपल्या हलव्यासारखेच कांटे असतात. दोन दूरच्या देशांतल्या माणसांनीं एकाच धीरानें साखरेवर कांटा फुलवावा, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते.

आतां केककडे वळूं. पुण्याला बेकरीची ओळख लष्कर भागानें करून दिली. तेथें १९५५ सालीं सुरू झालेल्या कयानी बेकरीपुढील रांग ठाऊक नसलेला पुणेकर विरळाच. पुढें घरोघरीं विजेच्या भट्ट्या आल्या आणि वाढदिवसाचा केक घरींच करावा, अशी हौस उत्पन्न झाली. केक भाजणें हें काम ठरलेल्या प्रमाणाचें आहे. खरा हात दिसतो तो सजावटींत. साखर आणि लोणी फेटून केलेलें मऊ आयसिंग शिकण्यास सोपें. पण आपल्या उन्हाळ्यांत तें टिकत नाहीं. कठीण आणि कोरीव नक्षीसाठीं रॉयल आयसिंग करतात. एका अंड्याच्या पांढऱ्या बलकास सुमारें २०० ते २५० ग्रॅम आयसिंग शुगर आणि लिंबाच्या रसाचे दोनचार थेंब, एवढेंच त्याचें साहित्य. मात्र भांड्यास तुपातेलाचा ओशटपणा राहिला, तर बलक फुलत नाहीं. तयार आयसिंग ओल्या फडक्याखालीं झांकून ठेवावें लागतें, नाहींतर तें कोनांत भरण्यापूर्वींच सुकून बसतें. ज्या घरांत अंडें चालत नाहीं, तेथें अंड्यावांचूनची पूडही वापरतां येते. पुण्यांतील प्राची धबल देब यांनीं अशाच आयसिंगमधून मिलान येथील कॅथीड्रलवर आधारलेली १०० किलोंची वास्तु उभारली आणि २०२२ सालीं लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सनें तिची नोंद घेतली.

हा झाला छंद. छंदाला हिशेब नसतो, आणि नसावाही. नातीच्या वाढदिवसासाठीं रात्रीं जागून केलेल्या गुलाबाच्या पाकळ्यांची किंमत कोण काढील? परंतु तोच गुलाब परक्याच्या घरीं विकत जाऊं लागला, म्हणजे प्रश्न निराळा होतो.

आमच्या शेजारीं एक काकू राहात. अनेक वर्षें त्यांनीं संक्रांतीचे दागिने करून दिले. नव्या सुनांच्या आया आणि सासवा त्यांच्याकडे येत, कौतुक करीत आणि पैसे देण्याची वेळ आली कीं म्हणत, “अहो काकू, शेवटीं साखरच ना ती!” काकू हंसत आणि मागितल्यापेक्षां कमी घेत. त्यांच्या बोटांचीं टोकें पौषभर लाल झालेलीं असत, तीं मात्र कोणी पाहात नसे. पुढें त्यांची सून घरीं केक करून देऊं लागली. तिनें एकदां सासूबाईंना सांगितलें, “आई, या वर्षीं आपण पैसे लिहूंच, पण तासही लिहूं.” वहीच्या एका बाजूस साखर, गॅस, जर आणि पुठ्ठा, दुसऱ्या बाजूस परातीजवळ बसलेला आणि दागिना गुंफलेला वेळ.

असा हिशेब आपणही मांडून पाहावा. समजा, एका संचाला साहित्य १५० रुपयांचें लागलें, काम १२ तासांचें झालें आणि विक्री ४०० रुपयांस झाली. वरवर पाहतां २५० रुपयांचा नफा दिसतो. पण भागाकार केला, तर तासाला एकवीस रुपयेही पडत नाहींत! ही मिळकत नव्हे. गिऱ्हाइकाला आपण दिलेली ती देणगी आहे. काकूंची वही पाहून त्या दोघींनीं दुसऱ्या वर्षीं दर वाढविला. कांहीं गिऱ्हाइकें गेलीं; परंतु बरीचशीं राहिलीं. एक बाई तर म्हणाल्या, “इतके दिवस तुम्हींच कमी सांगत होतां.” केकच्या बाबतींत तर ही चूक अधिकच सहज होते. केक विकला जातो वजनावर आणि सजावटीला वजन नसतें. म्हणून किलोचा दर वेगळा आणि सजावटीच्या तासांचा दर वेगळा सांगावा, हें उत्तम.

उद्योग म्हटला कीं आणखीही कांहीं जबाबदाऱ्या येतात. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ याखालीं घरीं खाद्यपदार्थ करून विकणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते. ती टाळूं नये. अंडें वापरलें असल्यास तसें स्पष्ट सांगावें. दागिन्यांना गोंद लावला असल्यास तो हलवा खाण्यासाठीं नाहीं, हेंही विकतांनाच सांगावें. १९५९ सालीं मुंबईंत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यांतून लिज्जतचा विस्तार झाला, हें आपण अभिमानानें सांगतों. त्या विस्तारामागें हाताची चव होती, तसा चोख हिशेबही होता.

मंडईच्या इमारतीकडे पाहिलें कीं मला हेंच आठवतें. १८८६ सालीं ती रे मार्केट या नांवानें उघडली. त्या बांधकामावर पैसा घालण्यापेक्षां तो शिक्षणावर खर्चावा, असें नगरपालिकेंत सांगणारे जोतीराव फुले हे होते. आणि आज तीच मंडई त्यांचें नांव धारण करते. पैसा कोठें जातो आणि कोणाच्या कष्टाची गणना होत नाहीं, हा प्रश्न त्यांनीं सार्वजनिक पैशाविषयीं विचारला. आपल्या स्वयंपाकघरांत तो विचारावयास काय हरकत आहे?

तेव्हां श्रोतेहो, येत्या संक्रांतीस तुळशीबागेंत हलव्याचा हार हातीं घ्याल किंवा एखाद्या घरगुती केकची मागणी नोंदवाल, तेव्हां किंमत ऐकून “शेवटीं साखरच ना” असें म्हणूं नका. आणि आपणांपैकीं ज्या भगिनी हें काम करीत असतील, त्यांनीं परातीशेजारीं एक वही ठेवावी. गोड बोलण्याचा सण वर्षांतून एकदां येतो. खरा हिशेब मात्र बाराही महिने लिहावा.