वेश्याव्यवसाय आणि कायदा : ‘मान्यता’ म्हणजे नेमके काय?



शताब्दीच्या व्याख्यानमालेत वेश्याव्यवसायासारखा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल. तथापि मन्नाएखेळ्ळीला हा विषय परका मानता येत नाही. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादेस जाणारा हमरस्ता या गावावरून जातो. अवर्षणाच्या वर्षी याच रस्त्याने माणसे पोटासाठी दूरच्या शहरांकडे निघतात. मुली देवाला सोडण्याची चालही कर्नाटक-महाराष्ट्राच्या या सीमाप्रदेशाने पाहिलेली आहे. वेश्याव्यवसायास कायदेशीर मान्यता द्यावी की न द्यावी, हा वाद राजधानीच्या शहरांत रंगतो. पण ज्यांच्याविषयी तो चालतो त्या स्त्रिया बहुधा अशाच कोरडवाहू मुलखातून गेलेल्या असतात.

या वादात ‘मान्यता’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो, आणि बराचसा गोंधळ तेथूनच उद्भवतो. एक अर्थ असा, की शासनाने या धंद्यास परवाने द्यावेत, स्त्रियांची नोंदणी करावी, वैद्यकीय तपासणी सक्तीची करावी. दुसरा अर्थ असा, की स्वतःच्या निर्णयाने या व्यवसायात असलेल्या प्रौढ स्त्रीला गुन्हेगार समजू नये. पहिल्या अर्थाने शासन धंद्याचे नियंत्रक होते. दुसऱ्या अर्थाने ते स्त्रीच्या मागे लागण्याचे थांबते. या दोहोंची गल्लत केली की वाद करणारे एकमेकांशी न बोलता नुसतेच बोलत राहतात.

परवान्याचा प्रयोग या देशाला नवा नाही. गोऱ्या सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने १८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने ठरावीक ठिकाणच्या वेश्यांची नोंदणी सुरू केली. तपासणी सक्तीची होती, आणि रोग आढळल्यास स्त्रीला इस्पितळात अडकवून ठेवले जाई. पुरुषाची तपासणी नव्हती. स्त्रिया नोंद टाळू लागल्या, गाव सोडून जाऊ लागल्या, आणि अखेर १८८८ मध्ये तो कायदा रद्द झाला. सव्वाशे वर्षांनंतर, २०१७ मध्ये, जर्मनीनेही या व्यवसायात नोंदणी सक्तीची केली. तेथे २००२ पासून हा व्यवसाय रीतसर मान्य होता. तरीही असंख्य स्त्रिया नोंदवहीपासून दूरच राहिल्या. कलंक जिवंत असताना नोंदवहीत नाव घालण्यास स्त्री सहसा धजत नाही. जेथे प्रत्येक जण प्रत्येकाच्या घराला ओळखतो अशा लहान गावात तर त्या वहीची बातमी संध्याकाळपर्यंत तिच्या मुलीच्या शाळेत पोहोचेल.

आता या भागाच्या इतिहासाकडे वळू. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ मध्ये झाला. त्याने मुलगी देवाला वाहण्याचा विधी बेकायदा ठरवला आणि देवदासीने पुढे केलेला विवाह वैध मानला. बेळगाव, विजापूर, धारवाड हे जिल्हे त्या इलाख्यात असल्याने तेथे तो लागू झाला. बीदर आणि गुलबर्गा मात्र निजामाच्या राज्यात होते. त्या कायद्याचा हात येथवर पोहोचला नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हे जिल्हे कर्नाटकच्या आजच्या प्रदेशात आले आणि १९८२ मध्ये या राज्याचा स्वतंत्र प्रतिबंधक कायदा झाला. महाराष्ट्राने आपला नवा कायदा २००५ मध्ये केला. कायदे झाले तरी प्रथा एकदम थांबली नाही. कर्नाटक शासनाच्या १९९३-९४ आणि २००७-०८ च्या पाहण्यांत मिळून ४६ हजारांहून अधिक देवदासींची नोंद झाली. यांतील प्रत्येक स्त्री वेश्याव्यवसायात होती असे मानणे अन्यायाचे होईल; परंतु दारिद्र्य आणि जात यांनी मिळून बांधलेली ती वाट कोठे जात होती, हे सर्वांनाच ठाऊक होते.

याच समाजातून दोन परस्परविरोधी वाटणारे आवाज उठले. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज यांची सभा भरली. धर्मांतराच्या घोषणेला तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्या सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामाठीपुऱ्यातील स्त्रियांना आडपडदा न ठेवता सांगितले, की हे जिणे सोडा. पोट भरण्याचे मार्ग शेकडो आहेत, ते शोधा, पण अप्रतिष्ठेच्या या आयुष्यात राहू नका. ज्या जातींच्या मुली पिढ्यान्‌पिढ्या या बाजारात लोटल्या गेल्या, त्यांच्या नेत्याचा तो संताप होता. त्यात स्त्रीचा तिरस्कार शोधणे चुकीचे ठरेल. एका संपूर्ण समाजाला देहविक्रीच्या धंद्याशी बांधून टाकणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध तो उभा होता.

दुसरा आवाज साठ वर्षांनी सांगलीत उठला. एड्सच्या साथीमुळे १९९२ पासून तेथे ‘संग्राम’ ही संस्था वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये काम करू लागली, आणि त्यातूनच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही त्या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली. कलकत्त्याच्या सोनागाछीत १९९५ मध्ये ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ स्थापन झाली होती. या संघटनांचे म्हणणे असे, की आम्हांला दया नको, हक्क द्या. आमचे काम तुम्हांला पटो वा न पटो, पण पोलिसांचा मार, गुंडांची खंडणी आणि रेशन दुकानदाराची हेटाळणी आम्ही का सोसावी? या स्त्रियांतही देवदासी पुष्कळ होत्या. म्हणजे ज्यांना १९३६ मध्ये ‘सोडा’ असे सांगितले गेले, त्यांच्याच नाती-पणतींनी ‘सुटेपर्यंत तरी माणसासारखे जगू द्या’ अशी मागणी केली.

या दोन आवाजांमध्ये कायदा कोठे उभा आहे? अनैतिक व्यापाराला आळा घालणारा कायदा १९५६ चा. १९८६ च्या दुरुस्तीने त्याला आजचे नाव मिळाले. या कायद्याने वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा ठरवलेला नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कुंटणखाना चालवणे, स्त्रीला धंद्यासाठी आणणे, तिच्या कमाईवर जगणे, सार्वजनिक ठिकाणापासून दोनशे मीटरांच्या आत व्यवसाय करणे आणि गिऱ्हाइकाला बोलावणे हे गुन्हे आहेत. वरवर पाहता योजना ठीक वाटते. पण ‘कमाईवर जगणाऱ्या’ अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या व्याख्येत दलालाबरोबर तिची म्हातारी आई आणि महाविद्यालयात शिकणारा मुलगाही येऊ शकतो. गिऱ्हाइकाला बोलावल्याबद्दल स्त्रीला पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तोच गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवस ते तीन महिने. शिवाय दोषी ठरलेल्या स्त्रीला दोन ते पाच वर्षे सुधारगृहात ठेवण्याची तरतूद आहे. पुरुषाला सुधारण्याची तजवीज कायद्याने केलेली नाही.

हा कायदा १ मे १९५८ रोजी अमलात आला त्याच दिवशी हुस्ना बाई नावाची स्त्री अलाहाबाद उच्च न्यायालयात उभी राहिली आणि तिने राज्यघटनेने दिलेला व्यवसायाचा हक्क पुढे केला. तिचा अर्ज फेटाळला गेला. पण ज्या स्त्रीला सर्वांनी दयेचा वा दंडाचा विषय मानले, तिने स्वतःला नागरिक म्हणवून घेतले, ही गोष्ट लहान नव्हे.

विरोधकांचा आक्षेप मात्र गंभीर आहे. गरीब देशात ‘स्वेच्छा’ हा शब्द कितपत खरा? कर्ज, दुष्काळ, नवऱ्याने टाकणे, जातीची चाल यांनी चारी वाटा बंद केल्यावर पाचव्या वाटेने जाणारीने निवड केली असे म्हणावे काय? फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून पोलिसांनी शेकडो मुली सोडवल्या; त्यांत अल्पवयीन मुली आणि नेपाळमधून आणलेल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. मालकांना परवाने दिले तर हा व्यापार अधिक निर्धास्त होईल, ही भीती निराधार नाही. स्वीडनने १९९९ मध्ये स्त्रीला मोकळे ठेवून गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवले, ते याच विचाराने. न्यूझीलंडने २००३ मध्ये प्रौढांच्या व्यवसायातील गुन्हेगारी तरतुदी काढून टाकल्या. या दोन देशांच्या वाटा वेगळ्या असल्या तरी स्त्रीला शिक्षा करू नये यावर दोघेही एकमत आहेत. शेजारच्या बांगलादेशात नारायणगंजच्या तानबाजार वस्तीतून १९९९ मध्ये स्त्रियांना हुसकावण्यात आले, तेव्हा २००० मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती कारवाई बेकायदा ठरवली.

भारतातही न्यायालये याच दिशेने आली आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रौढ स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात ठेवण्याचा आदेश रद्द केला. त्याच महिन्यात, साथीच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांना ओळखीचा पुरावा न मागता कोरडा शिधा देण्यास सांगितले. १९ मे २०२२ च्या आदेशात त्याच न्यायालयाने म्हटले, की या स्त्रियांशी पोलिसांनी सन्मानाने वागावे. अत्याचार झालेल्या स्त्रीला इतर कोणाही पीडितेप्रमाणे सर्व मदत मिळावी. आणि केवळ आई या व्यवसायात आहे म्हणून मूल तिच्यापासून तोडू नये.

धंद्याचे परवाने काढणे हा या प्रश्नाचा उलगडा नाही, हे १८६८ च्या अनुभवाने शिकवले आहे. मुली आणणारे, विकणारे आणि अल्पवयीनांचे शोषण करणारे यांच्याविरुद्धचा कायदा कठोरच हवा. अठरा वर्षांखालील मुलीच्या संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु प्रौढ स्त्रीला गुन्हेगार ठरवणारी कलमे काढली पाहिजेत, कारण जिला स्वतःच अटकेची भीती आहे ती वस्तीत आलेल्या अल्पवयीन मुलीची खबर ठाण्यात द्यायला कशी जाईल? आणि ज्यांना बाहेर पडायचे आहे त्यांच्यासाठी दार खरोखर उघडे असले पाहिजे. गोमंतकातील भाविणींच्या समाजाने विसाव्या शतकात शिक्षण, विवाह आणि संघटना यांच्या बळावर ती चाल मागे टाकली. राजाराम पैंगीणकरांसारखे कार्यकर्ते त्या समाजातूनच पुढे आले. पोलिसांच्या धाडीने ते साधले नसते.

अशा दारांपैकी काही या गावातही आहेत. शाळेच्या प्रवेशअर्जात वडिलांच्या नावाचा आग्रह न धरता आईचे नाव पुरेसे मानणे, शिधापत्रिका देताना उलटतपासणी न करणे, आणि अशा घरातील मुलाला ग्रंथालयाचे सभासदत्व देताना त्याच्याकडे दोनदा न पाहणे, यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.