‘दाउ’ गेला, ‘यू’ उरला

इंग्रजीत रावालाही ‘यू’ आणि रंकालाही ‘यू’. पण हा ‘यू’ मुळात अनेकवचनी, म्हणजे आपला ‘तुम्ही’. एकट्याला म्हणत ‘दाउ’. तेराव्या शतकापासून फ्रेंच वळणानं थोरामोठ्यांना ‘यू’ म्हणायची रीत पडली आणि ‘दाउ’ घरच्यांना, नोकरांना नि देवाला उरला. १६०३ साली इंग्रज दर्यावर्दी सर वॉल्टर रॅली यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना मुद्दाम ‘दाउ’ म्हणून हिणवलं. पुढे क्वेकर पंथीयांनी, सगळी माणसं सारखीच म्हणत, न्यायाधीशांनाही ‘दाउ’ म्हटलं आणि प्रसंगी मार खाल्ला. गंमत अशी, की टिकला तो ‘यू’. इंग्रजांचं अरेतुरेच संपलं!

जर्मनांची तऱ्हा निराळी. ‘डू’ म्हणजे तू. सतराव्या शतकात मान द्यायचा म्हणून समोरच्यालाच ‘एर’, म्हणजे ‘तो’ म्हणू लागले. मग त्याहून वरचढ ‘झी’ आला, म्हणजे चक्क ‘ते’. बिचाऱ्या ‘एर’चा भाव इतका उतरला, की अठराव्या शतकात तो हाताखालच्यांना हाक मारायला वापरला जाई. ‘झी’ आजही आहे, आणि त्यावरून ‘डू’वर यायचं, तर पुढाकार सहसा वयानं मोठ्यानंच घ्यायचा असतो.