फेसवॉश घेताना मागची बाजू वाचा



पॅराबेन हे बुरशी आणि जंतू रोखणारं परिरक्षक.
ठरावीक प्रमाणात त्याला परवानगी आहे.

तरीही पॅराबेन नसलेला फेसवॉश हवाय?
मग नळीची मागची बाजू वाचा.
मिथाइलपॅराबेन, प्रोपाइलपॅराबेन...
नावाच्या शेवटी ‘पॅराबेन’ आलं, की ओळख पटली.

पण लक्षात ठेवा.
फेसवॉशमध्ये पाणी असतं.
पाणी आलं, की परिरक्षक लागतंच.
पॅराबेनऐवजी फिनॉक्सिइथेनॉल किंवा सोडियम बेंझोएट घालतात.
त्यांचाही काहींना त्रास होतो.

म्हणून नवा फेसवॉश सात ते दहा दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून, धुऊन पाहा.
खाज सुटली, लाली आली,
तर चेहऱ्याला लावू नका.

पुन्हा सांगते.
पुढच्या जाहिरातीवर जाऊ नका.
मागची घटकांची यादी वाचा,
आणि मगच फेसवॉश घ्या.