फहीता : हॉटेलातली आणि घरातली



ह्या व्यासपीठावरून मांस भाजण्याविषयी बोलायचे म्हणजे थोडे धैर्यच लागते. त्यातून आमचा आजचा पदार्थ टेक्सासमधला आणि गोमांसाचा. महाराष्ट्रात २०१५ सालच्या कायद्याने गाय-बैलाचे मांस बंद झाले. तेव्हा इथल्यांनी आम्ही सांगतो ती रीत बोकडाच्या मांसाला लावून पाहावी, आणि जे मांस खातच नाहीत त्यांनी ती एका मजुराच्या ताटाची हकीकत म्हणून ऐकावी. पण ह्यूस्टन-डॅलसकडे आता पुष्कळ मराठी घरे आहेत, आणि त्यांतल्या काहींची एक तक्रार आम्ही ऐकत आलो आहोत. मेक्सिकन हॉटेलात फहीता मागवली की लोखंडी तबक चर्र करीत, धूर सोडीत येते. मांस मऊ आणि खमंग. तेच घरी करावे तर ते करड्या रंगाचे, पाणी सुटलेले, आणि चावता चावत नाही. मग सगळे एकमुखाने म्हणतात, ‘त्यांचा मसाला वेगळा असतो.’ बिचाऱ्या मसाल्यावर घातलेला हा आळ आहे, असे आमचे मत आहे.

स्पॅनिश भाषेत ‘फाहा’ म्हणजे कमरपट्टा. फहीता म्हणजे छोटासा पट्टा. जनावराची छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटलाचा जो पडदा असतो, त्याचा हा मांसल, लांबोडका पट्टा. इंग्रज कसाई त्याला स्कर्ट म्हणतो. जनावर जन्मभर श्वास घेते, म्हणजे हा स्नायू जन्मभर राबतो. म्हणून त्याची चव दाट आणि धागा जाड. एका जनावरामागे असे पट्टे दोनच निघतात.

टेक्सास आणि मेक्सिको यांच्या सीमेवरून रिओ ग्रांदे नदी वाहते. तिच्या खोऱ्यात गुरांचे मोठमोठे रँच होते आणि त्यांवर मेक्सिकन गुराखी काम करीत. १९३०च्या सुमारास तिथला रिवाज असा, की जनावर कापले म्हणजे चांगले भाग मालकाचे. मुंडके, आतडी, कातडे आणि हे पट्टे गुराख्यांना मजुरीत मिळायचे. हे ऐकताना आपल्याकडच्या बलुत्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. गावाने नको म्हणून टाकलेल्या मांसावर इथल्याही माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले, आणि त्या स्वयंपाकाची साद्यंत नोंद शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ह्या पुस्तकाने केली, तीही २०१५ साली. पाकशास्त्राच्या पुस्तकांना तोवर त्याची गरज भासली नव्हती!

तर गुराख्यांनी तो चिवट पट्टा मेस्कीटच्या विस्तवावर भाजला, आडवा चिरला आणि पोळीत गुंडाळून खाल्ला. म्हणजे ज्या पदार्थाला आपण हॉटेलचा म्हणतो, तो मुळात घरचाच; हॉटेलाने तो घरून उचलला. १९६९ साली ऑस्टिनच्या एका मांसाच्या दुकानाचे व्यवस्थापक सनी फाल्कन यांनी काइल गावच्या उत्सवात तो पोळीत घालून विकला. ह्यूस्टनला निन्फा लॉरेन्झो ह्या विधवा बाईंनी १९७३ साली आपल्या पोळ्यांच्या कारखान्याच्या पुढच्या भागात लहानसे हॉटेल काढले आणि तो शहरात नेला. पुढे १९८२ साली ऑस्टिनच्या हयात हॉटेलाने त्याला तापल्या लोखंडावर बसवले आणि गुराख्याचा पट्टा श्रीमंत झाला. त्याची किंमत अशी चढली की ज्यांच्या मजुरीत तो येत असे, त्यांच्याच घरात तो विकत आणणे जड झाले. नावाचाही अर्थ गेला. आता कोंबडीची फहीता असते, कोळंबीची असते. कोळंबीला कमरपट्टा कुठला, हे कोणी विचारीत नाही.

त्या चर्र करणाऱ्या तबकाविषयी एक सांगून टाकू. मांस तबकावर येते तेव्हा ते आधीच भाजून, चिरून तयार असते. तापल्या लोखंडावर रस किंवा चरबी पडली की आवाज होतो, एवढेच. तो आपल्यासाठी नसतोच. शेजारच्या टेबलाने मान वळवून ‘आम्हांलाही तेच’ म्हणावे, यासाठी असतो.

आता घरी काय बिघडते ते पाहू. मसाला साधा आहे : लिंबू, मीठ, लसूण, जिरे, मिरची. आपल्या घरी नाही असे त्यात काही नाही. यांपैकी मीठ तेवढे सावकाश आत उतरते. बाकीचे सारे वरच्या काही मिलिमीटरांतच घुटमळते. म्हणून रात्रभर लिंबात बुडवून ठेवल्याने चव खोल जात नाही. फक्त वरचा थर पिठूळ होतो. दोन तास पुरेत. कच्ची पपई लावायची असेल तर लहान चमचाभर, आणि तीही अर्धा तास. तिच्यातले पपेन मांसाचे धागे तोडते, पण कुठे थांबावे हे त्याला कळत नाही.

खरी चूक पुढे होते. मसाल्याने निथळणारे मांस आपण तसेच तव्यावर टाकतो, तेही सगळे एकदम, एकमेकांना खेटून. पाण्याची गंमत अशी, की ते आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही. आणि ज्या क्रियेने मांसाला तांबूस रंग व खमंग वास येतो, ती जोमाने चालायला १४० अंशांच्या आसपास ताप लागतो. लुई कामीय मायार ह्या फ्रेंच रसायनज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले. पाणी असताना आपण मांस भाजत नाही, उकडतो. म्हणून प्रेमाने लावलेला मसाला भाजण्यापूर्वी फडक्याने पुसून काढावा. हे सांगितले की गृहिणी आमच्याकडे रागाने पाहतात, पण इलाज नाही. मग बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवावा, खिडक्या उघडाव्यात आणि एका वेळी दोनच तुकडे टाकावेत. पातळ पट्ट्याला दर बाजूस दोन-तीन मिनिटे खूप होतात. अंगणात कोळशाची सोय असेल तर उत्तम. जाळी निखाऱ्यांच्या अगदी जवळ हवी. मेस्कीट म्हणजे आपल्या माळरानावरच्या वेड्या बाभळीचीच सख्खी बहीण. ती बाभूळ अमेरिका खंडातूनच इकडे आली, आणि तिचा कोळसा आपल्याकडच्या हॉटेलांच्या भट्ट्यांतूनही जळतो.

जोराच्या आचेने मांसाची तोंडे बंद होऊन रस आत कोंडतो, हे लीबिगच्या काळापासून सांगितले जाते. ते खरे नाही. आच चवीसाठी असते. रस राखायचा तर उतरवल्यावर पाच मिनिटे मांसाला हात लावू नये.

शेवटचे काम सुरीचे, आणि निम्मी फहीता तिथेच जमते किंवा फसते. ह्या पट्ट्याचे धागे लांबीच्या दिशेने नसून रुंदीच्या दिशेने धावतात. पट्टा समोर ठेवून आपण सहज रुंदीवर काप घालीत गेलो, तर प्रत्येक कापात धागा अख्खाच्या अख्खा राहतो आणि तो दातांना तोडावा लागतो. म्हणून आधी पट्ट्याचे चार-चार बोटांचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा काटकोनात फिरवावा, आणि मग धाग्यांना आडवी सुरी चालवून पातळ काप काढावेत. गुराख्यांना हे कोणत्या शास्त्रज्ञाने सांगितले नव्हते. वाट्याला चिवटच तुकडा आला, तो कसा खाता येईल हे त्यांनी शोधून काढले.

पोळी तिकडे मैद्याची असते. आपली घडीची चालते, तेल मात्र कमी लावावे. सोबत त्याच तव्यावर परतलेला कांदा आणि मिरची. आणि तबकाने चर्र करावेच असा मुलांचा हट्ट असेल, तर तापल्या लोखंडावर मांस न घालता तो कांदा घालावा आणि वर लिंबाचे चार थेंब पिळावेत. आवाज तोच येतो.